पाळीचा पहिला दिवस: मूल राहण्यासाठीच्या गोळ्या-इंजेक्शनं नव्यानं सुरू करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कुणी सरळ सांगत नाही. "ट्रीटमेंट चालू आहे" एवढंच म्हणतात, तेही आवाज खाली आणून. मी पाच महिने गोळ्या घेतल्या, त्यानंतर इंजेक्शनांच्या तीन सायकल केल्या (एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंतच्या उपचाराला सायकल म्हणतात). मूल अजून झालेलं नाही, सध्या आम्ही थांबलो आहोत. हे आधीच सांगते, कारण असं असं केलं की मूल होतंच, असं खाली काही सापडणार नाही. औषध घेताना अंगात काय होतं, काय सांभाळावं लागतं आणि मला कुठल्या गोष्टी वेळेवर कळायला हव्या होत्या, ते मी लिहिलंय. औषध कुठलं आणि किती हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नका. या गोळ्या तशा घ्यायच्या नसतात.

सुरुवात दोघांच्या तपासणीनं

लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जावं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. जाताना नवऱ्याला बरोबर न्या. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही कारण असतं, आणि त्याची पहिली तपासणी बाईच्या कुठल्याही तपासणीपेक्षा सोपी. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा, बस. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचावा लागतो, म्हणून जांबोटी किंवा नंदगडहून डबीत घालून आणायचा विचार नको. लॅबमध्येच द्यावा. माझ्या पहिल्या तीन महिन्यांच्या गोळ्या नवऱ्याचा रिपोर्ट नसतानाच झाल्या. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. तुम्ही ठाम राहा: त्यांचा रिपोर्ट आला की मग माझी गोळी.

तुमच्या रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन बहुतेक असतातच. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं असेल तर कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून एकदा-दोनदा देतात. ती रात्री काहीतरी खाऊन घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास, असेल तर मेटफॉर्मिन येतं. ते जेवतानाच किंवा जेवल्याबरोबर घ्यावं, नाहीतर पोट ढवळतं, जुलाब होतात. श्रावणी सोमवारी किंवा एकादशीला निरंकार उपास धरून मेटफॉर्मिन घेतलेल्या बायकांची काय अवस्था होते ते मी पाहिलंय. उपास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फॉलिक ॲसिड मात्र दिवस राहण्याच्या आधीपासूनच सुरू असावं लागतं. ते आणि मेटफॉर्मिन जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं.

पैशांचंही याच वेळी बोलून घ्या. आयुष्मान कार्डावर मूल होण्यासाठीचे उपचार बसत नाहीत. ही गोष्ट बऱ्याच जणींना बिलाच्या खिडकीपाशी कळते. एका सायकलचा खर्च सोनोग्राफी, औषधं, इंजेक्शन असा वेगवेगळा लिहून मागा. आययूआय (वीर्य नळीनं गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफ (बीज बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करणं) करायची वेळ आली तर २०२१च्या कायद्यानुसार त्या सेंटरची नोंदणी असावी लागते. प्रमाणपत्र बघायला मागणं हा आपला हक्क आहे, त्यात संकोच नको.

एक वही आणा

शंभर पानी साधी वही पुरते. पहिल्या पानावर दोघांचे रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, त्यात आयुर्वेदिक काढा आणि गावठी झाडपालासुद्धा. सासूबाईंनी दिलेली मुळी लपवून ठेवू नका. डॉक्टर रागावतील ते परवडलं, पण त्यांना माहीतच नसणं बरं नाही. पुढची पानं सायकलप्रमाणे. रोज एक ओळ: कितवा दिवस, काय घेतलं, किती वाजता, अंगाला काय वाटलं.

ही वही मी चौथ्या महिन्यात सुरू केली. त्याआधी डॉक्टर विचारायचे, "मागच्या वेळी चक्कर कितव्या दिवशी आली?" आणि मी नुसतीच बघत राहायचे. दोन मिनिटांची भेट, बाहेर चाळीस बायका बसलेल्या. वही उघडली की त्या दोन मिनिटांत पाच मिनिटांचं बोलणं होतं.

वहीच्या मागच्या पानावर थोडे कानडी शब्द लिहून ठेवा. बेळगावात डॉक्टर मराठी बोलतातच, पण लॅबमधली मुलगी किंवा रात्रपाळीची सिस्टर बैलहोंगलची असू शकते आणि फॉर्म कानडीत असतो. मुट्टु म्हणजे पाळी, मात्रे म्हणजे गोळी, खाली होट्टे म्हणजे उपाशीपोटी, ऊटक्के मोदलु म्हणजे जेवणाआधी, ऊट आद मेले म्हणजे जेवल्यावर. होट्टे नोवु ही पोटदुखी, उसिराटद तोंदरे हा श्वासाचा त्रास. एवढ्यावर माझं भागलं. समोरची व्यक्ती आपण दोन शब्द बोललो की पुढचं हातवाऱ्यांनी का होईना, मनापासून समजावते.

पहिला दिवस कुठला?

सगळं गणित इथे आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, तिथूनच गोळ्या, नवव्या-दहाव्या दिवशी परत सोनोग्राफी, म्हणजे पहिला दिवस चुकला की पुढचं सगळं सरकतं. नुसता डाग दिसला तो पहिला दिवस नव्हे. पॅड लागेल असा लाल रक्तस्राव सुरू झाला तो पहिला. रात्री उशिरा सुरू झाली तर काही डॉक्टर दुसरी सकाळ पहिला दिवस धरतात, म्हणून तुमच्याकडे काय धरतात ते आधीच विचारून वहीत लिहा. मी एकदा डागालाच पहिला दिवस धरला आणि दोन दिवस लवकर गोळी सुरू केली. तो महिना वाया गेला.

आणखी एक. पाळी या वेळी अगदीच कमी, वेगळीच वाटली तर गोळी सुरू करण्याआधी लघवीची तपासणी करा. गर्भ राहिलेला असताना या गोळ्या घ्यायच्या नसतात.

गोळ्यांचे पाच दिवस

बहुतेक जणींना सुरुवातीला लेट्रोझोल किंवा क्लोमिफिन देतात. दोन्ही साधारण पाच दिवस, रोज ठरलेल्या वेळी.

लेट्रोझोलच्या खोक्यातला कागद मी बसमध्ये वाचला. स्तनाचा कर्करोग, पाळी गेलेल्या बायका, असलं काहीबाही. पोटात गोळा आला. बिडी गावच्या स्टॉपपर्यंत मी रडत होते. ही गोळी मुळात कर्करोगासाठी आली हे खरं आहे. भारतात २०११ साली ती मूल होण्यासाठी वापरायला सरकारनं मनाई केली होती आणि २०१७ साली ती मनाई उठवली. आज पीसीओएस असलेल्या बाईला बीज तयार व्हावं म्हणून जगभर पहिल्यांदा हीच देतात. ती शरीरातलं इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन थोडे दिवस कमी करते. मेंदूला वाटतं की अंडाशय काम करत नाही, म्हणून तो एफएसएच हे हार्मोन जास्त सोडतो आणि बीज वाढायला लागतं. गोळीचा अंश साधारण दोन दिवसांत निम्मा होतो, म्हणजे बीज सुटेपर्यंत ती अंगात जवळपास उरत नाही. हे दहा वाक्यांत कुणी सांगितलं असतं तर बिडीचं रडणं वाचलं असतं. म्हणून मी इथे सांगतेय.

त्रास काय होतो? इस्ट्रोजेन कमी झालं की पाळी जाताना होतं तसं होतं. अंगातून वाफ निघाल्यासारखं वाटतं, डोकं दुखतं, सांधे ठणकतात, थकवा. मला तिसऱ्या दिवशी दुपारी तव्यासमोर उभं राहवत नव्हतं. भाकरीचं काम त्या पाच दिवसांत कुणाकडे तरी द्या, आणि गोळी रात्री घेता येईल का ते विचारा. मला रात्रीची बरी पडली.

क्लोमिफिनची वाट थोडी वेगळी. ती मेंदूला इस्ट्रोजेन दिसूच देत नाही, आणि अंगात जास्त दिवस रेंगाळते. त्यामुळे चिडचिड, रडू येणं हे पाच दिवसांनंतरही चालू राहू शकतं. माझ्या मावसबहिणीनं या दिवसांत नवऱ्याशी महिनाभर अबोला धरला आणि नंतर स्वतःलाच दोष देत बसली. मनाचं असं होणं हा त्या गोळीचा परिणाम आहे, हे घरात आधीच सांगून ठेवावं. डोळ्यांपुढे ठिणग्या, धूसर दिसणं असं काही झालं तर मात्र पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जुळ्यांची शक्यताही क्लोमिफिननं वाढते, शंभरात पाच ते दहा जणींना. गावात जुळी म्हटली की कौतुक होतं, पण पोटात दोन म्हणजे दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याची भीतीही असते. डॉक्टरांनी दोन-तीन मोठी बीजं दिसली म्हणून ती सायकल सोडायला सांगितली तर ते तुमच्या भल्यासाठीच असतं.

फॉलिक्युलर स्टडी

म्हणजे बीज किती वाढलं ते बघायची सोनोग्राफी, नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड. ही सोनोग्राफी पोटावरून नाही, आतून करतात. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी टेबलावर दचकून उठले होते. लघवी करून जायचं, साडी किंवा सैल परकर बरा, ड्रेसची सलवार त्रासाची. प्रोबवर नवं कव्हर घालतात. पुरुष डॉक्टर असतील तर खोलीत सिस्टर थांबावी असं सांगा. दुखत असेल तर "थांबा" म्हणा, ते थांबतात.

बीज ज्या पिशवीत असतं ती, म्हणजे फॉलिकल, रोज दीड-दोन मिलिमीटर वाढते. १८ ते २० मिलिमीटरच्या आसपास आली की पुढचं इंजेक्शन. दर वेळी आकडा आणि गर्भाशयाच्या अस्तराची जाडी वहीत लिहून घ्या.

जाण्यायेण्याचं: शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटक राज्यातल्या सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, त्यामुळे खानापूर-बेळगाव एक दिवसाआडच्या फेऱ्या मला झेपल्या. आधार कार्ड जवळ ठेवा. निपाणी, चिकोडीकडच्या बायका कोल्हापूरला जातात, ते जवळही पडतं. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर काही झालं की पहिली बंद होते ती बस. डिसेंबर २०२२ मध्ये तसं झालं, फेब्रुवारी २०२५ मध्येही झालं. बीज कुणासाठी थांबत नाही. कोल्हापूरची ट्रीटमेंट असेल तर एका आयत्या वेळच्या गाडीवाल्याचा नंबर आणि आपल्या बाजूला सोनोग्राफी करून देणाऱ्या एका ठिकाणाचं नाव आधी ठरवून ठेवा, आणि इंजेक्शनं दोन दिवसांची जास्त घरात असू द्या.

इंजेक्शनं

गोळ्यांनी बीज वाढलं नाही तर एफएसएच किंवा एचएमजीची, म्हणजे बीज वाढवणाऱ्या हार्मोनची, इंजेक्शनं येतात. खोक्यावर ७५ किंवा १५० आययू (औषध मोजायचं माप) असं लिहिलेलं असतं. बरीचशी २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, काही बाहेर चालतात, ते खोक्यावरच वाचा. फ्रीजमध्ये मधल्या फळीवर झाकणाच्या डब्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेलं इंजेक्शन वापरायचं नाही. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद फ्रीज काही तास गार राहतो. बेळगावहून आणताना थर्मासमध्ये आइसपॅक फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे औषध थेट बर्फाला लागत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात नुसत्या पिशवीतून आणू नका.

रोज टोचायला कोण? पहिल्यांदा मी गावापासून चार किलोमीटरवर चालत सिस्टरकडे जायचे, आणि वाटेत प्रत्येक जण "कुठं चाललीस गं?" विचारायचा. सहाव्या दिवशी सिस्टरनंच शिकवलं. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटाची घडी चिमटीत धरायची, बारीक सुई, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. भुकटीची कुपी असेल तर पाणी घालून हलकेच फिरवायची, जोरात हलवायची नाही. थोडं लाल होतं, खाज येते, ते जातं. पहिल्यांदा हात थरथरला. तिसऱ्या दिवशी मीच जावेला म्हणाले, दार लावून घे, मी घेते.

मग ट्रिगर, म्हणजे बीज सुटावं म्हणून द्यायचं एचसीजी या हार्मोनचं इंजेक्शन. याला वेळ सांगतात, समजा रात्री दहा, तर दहाच. साधारण ३६ तासांनी बीज सुटतं आणि आययूआय किंवा संबंधाची वेळ त्यावरूनच काढलेली असते. गावातली सिस्टर रात्री दहाला असेल का, हे सकाळीच पक्कं करा.

नंतरचे दोन आठवडे

हे सगळ्यात कठीण. गर्भ टिकायला लागणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सुरू होतं, गोळी किंवा खालून ठेवायची वडी. झोप येते, छाती दुखते, पोट फुगतं, मलबद्धता, वडीमुळे पांढरं बाहेर येतं. ही सगळी लक्षणं दिवस गेल्यासारखीच असतात, आणि तिथंच मन फसतं. पाळीही या औषधानं लांबते, म्हणून "चार दिवस वर गेले" याला अर्थ धरू नका. आणि घरी लघवीची पट्टी लवकर लावू नका: ट्रिगरमध्ये तेच हार्मोन असतं जे पट्टी शोधते, ते १० ते १४ दिवस अंगात राहू शकतं. मी नवव्या दिवशी दोन रेषा पाहिल्या, आईला फोन केला, आईनं देवीला नारळ ठेवला. चौदाव्या दिवशी रक्त तपासलं तर काहीच नव्हतं. आईला परत फोन करणं मला जमेना, नवऱ्यानं केला. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच रक्ताची तपासणी करा, आणि तोवर कुणाला सांगू नका.

वाट न बघता दवाखाना गाठायची लक्षणं इथे नीट वाचा. इंजेक्शनांनी, विशेषतः पीसीओएस असेल तर, अंडाशय फार फुगतं आणि पोटात पाणी जमतं. थोडं जड वाटणं नेहमीचं. पण एका दिवसात किलोभर वजन वाढलं, पोट ताणून दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली किंवा दम लागतोय, तर रात्र असली तरी निघा. १०८ला फोन करा, आणि पोचल्यावर "बीज वाढायची इंजेक्शनं चालू आहेत" हे पहिलं वाक्य सांगा, नाहीतर ॲसिडिटीची गोळी देऊन परत पाठवतील. एकाच बाजूला अचानक असह्य कळ आली तरी तसंच. या दिवसांत रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं. काटा नसेल तर शेजारच्या दुकानातला चालेल.

घरातलं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला "काही विशेष?" विचारणाऱ्या बायका असतातच. बारशाला ओटी भरताना हात मागे घेणाऱ्याही. मी एक वर्ष कुठेच गेले नाही, आणि ते चुकलं नाही असं मला वाटतं. ज्या दिवसांत हार्मोन चढलेले असतात त्या दिवसांत नाही म्हणायला कारण लागत नाही. सासूबाईंना मात्र मी एकदा सोनोग्राफीला घेऊन गेले. पडद्यावरचं काळं वर्तुळ बघून त्या गप्प झाल्या. परतताना बसमध्ये म्हणाल्या, "एवढं सोसतेस होय गं." त्यानंतर सौंदत्तीला यल्लम्माला जायचं टुमणं त्यांनी ट्रिगरच्या तारखेला कधी लावलं नाही, पुढच्या पौर्णिमेवर ढकललं.

रडू आठवडाभर थांबत नसेल, झोप लागत नसेल, जगू नये असं मनात येत असेल तर ते डॉक्टरांना सांगा आणि टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरावर बोला. फोनला पैसे पडत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही.

पाळी आली तर

त्याच दिवशी ठरवायचं नाही. पुढची सायकल लगेच की महिनाभर थांबून, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोला. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: बीज सुटलं होतं का, अस्तर किती होतं, आणि तेच औषध परत का. क्लोमिफिन सहाएक सायकलींपेक्षा जास्त चालवत नाहीत, म्हणून कितवी चालू आहे ते मोजत राहा. दोन-तीन वेळा तेच डोस, तोच निकाल येत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला लाजू नका. फाइलची झेरॉक्स मागा, ती द्यावीच लागते.

उरलेली इंजेक्शनं मैत्रिणीला देऊ नका, तिचं अंडाशय वेगळं. वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीवाल्याच्या हातात जातात. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा आणि पुढच्या फेरीत दवाखान्यात द्या. वही मात्र थांबलात तरी ठेवा. माझी कपाटात साडीखाली आहे, परत सुरू केलं की नव्या डॉक्टरांपुढे पहिली तीच ठेवणार.